बरणीतलं नवं मूत्रपिंड

काहूने पांढरी फडकी एकेक करून सोडली आणि आजाऱ्यांनी घरून आणलेल्या बारा बरण्या गर्दीला दाखवल्या. आत नुसतं पाणी असल्यासारखं दिसत होतं. डोळे बारीक करून पाहिलं तर प्रत्येक बरणीत सात-सात ओपाए होत्या, म्हणजे डबक्यातल्या इवल्या कोळंब्या, सुकवायच्या जवळ्याएवढ्या, पण इतक्या फिक्या की काचेच्या चुऱ्याला पाय फुटलेत असं वाटावं.

"पाहून घ्या," काहू म्हणाला. "हे तुमचं रक्त. आजाराने, पापाने, शंकेने त्याचं असं पाणी झालंय."

दीडशे माणसं होती. हवाईतल्या आमच्या वाइउलाच्या किनाऱ्यावर एवढी माणसं मी आजवर लग्नाला नाहीतर मयतालाच पाहिली होती. कैलुआहून, हिलोहून, काही तर दुसऱ्या बेटावरून विमानाने आलेली. काळ्या लाव्हावर चटया टाकून, छत्र्या उघडून बसली होती, आणि एवढ्या गर्दीत लाटांखेरीज आवाज नव्हता.

काहू कानोआ उंच, देखणा, गळ्यात काळ्याभोर बियांची माळ, आवाज असा की रेडिओवर शोभावा. दीड वर्षापूर्वी होनोलुलूहून आला होता. आमच्याकडे काहू म्हणजे देवाधर्माचं बघणारा, माणसांना सांभाळणारा. हा मान लोक देतात, कुणी स्वतःला लावून घेत नाही. यानं तो सामानाबरोबरच आणला होता.

त्याने बरण्या खडकाच्या सपाट काळ्या पाठीवर उन्हात ओळीने मांडल्या, दोन्ही हात वर केले आणि म्हणायला सुरुवात केली. मध्येच थांबून विचारायचा, "कुणाच्या मनात शंका आहे?" माना हलायच्या. "असेल तर आत्ताच उठा. एकाच्या शंकेने बाराजणांचं रक्त नासतं." कोण उठणार?

माझ्या शेजारी आंटी पुआला बसल्या होत्या. वय ऐंशी, आमच्या गावात घरात हवाईयन बोलत वाढलेली ही शेवटची बाई. त्या माझ्या कानाशी लागल्या.

"कावेही, हा रताळं रताळं का करतोय गं?"

"काय?"

"त्याला 'ओला' म्हणायचं असणार. जीव. हा मघापासून 'उआला' म्हणतोय. रताळं. मला वाटलं मलाच कमी ऐकू येतंय."

पाऊण तासाने पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "आली. लाली आली." आणि खरंच आली होती. आधी गुलाबी झाक, मग बघता बघता बाराही बरण्यांत डाळिंबाचे दाणे पोहावेत तशा ओपाए लालभडक. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मीही पाहिलं. त्यात हातचलाखी नव्हती, बरणी बदलली नव्हती, रंग टाकला नव्हता. ओपाए खरोखरच लाल झाल्या होत्या.

मग काहूने एक बरणी उचलून सूर्यासमोर धरली. एका ओपाएच्या पोटाखाली दहा-बारा दाण्यांचा गर्द तांबडा घोस चिकटलेला होता.

"ही बरणी कुणाची?"

"माझी," म्हणत एक दांडगा, सुजलेल्या चेहऱ्याचा माणूस उभा राहिला. तो माझा मोठा भाऊ एनोका.

"या माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मेली आहेत," काहू गर्दीकडे वळून म्हणाला. "डॉक्टरांनी हात टेकले. म्हणे आता आयुष्यभर यंत्र. आणि इथे पाहा. गोल, वाकडं, तांबडं. कशासारखं दिसतंय?"

कुणीतरी म्हणालं, "मूत्रपिंडासारखं."

"मी नाही म्हणालो," काहूने हात जोडले. "तुम्ही म्हणालात. देव तुमच्या तोंडून बोलला. एनोका, तुझ्यासाठी नवं मूत्रपिंड जन्माला येतंय. ते जन्मत असताना तू यंत्राकडे गेलास, तर त्याला वाटेल की आपली गरज नाही."

सोमवारी एनोका डायलिसिसला गेला नाही.

*

त्या घोसाचं काय ते मला चांगलं ठाऊक होतं. मी सत्तावीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली एकोणीस वर्षं घरच्या व्हरांड्यात ओपाए पाळल्या. पाळल्या म्हणजे काय, त्यांना काही लागतच नाही. एक काचेची टाकी, तळाला लाव्हाची खडी, अर्धं समुद्राचं पाणी, अर्धं पावसाच्या टाकीतलं. पंप नाही, खाणं घालणं नाही. उजेडाने दगडावर शेवाळाची पातळ साय धरते, ती त्या दिवसभर चिमट्यांनी खरवडून खातात. काहू सांगायचा की या जिवांना अन्न लागत नाही, त्या प्रार्थनेवर जगतात. माझ्या टाकीत एकोणीस वर्षांत कुणी प्रार्थना केली नाही आणि सात ओपाएंच्या चारशेवर झाल्या.

सुरुवात केली तेव्हा किनाऱ्यावरच्या एका डबक्यात कुणीतरी परके मासे सोडले होते. आमची ही डबकी समुद्राला जोडलेली दिसत नाहीत, पण भरती-ओहोटीबरोबर त्यांचं पाणी खाली-वर होतं. खडकाच्या भेगांतून गोडं आणि खारं पाणी येऊन मिसळतं आणि त्यात ओपाए राहतात. मासे आल्यावर त्या भेगांत खोल गेल्या, दिसेनाशा झाल्या. मुलांना दाखवायला म्हणून मी दुसऱ्या डबक्यातून सात आणल्या. पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही. मी पाणी फार खारं ठेवत होते आणि सारखा हात घालत होते. हात घालणं सोडलं, पाणी अर्धंअर्धं केलं, आणि एक दिवस एकीच्या पोटाखाली घोस दिसला. अंडी. पाचेक आठवडे ती आईच्या पोटाला असतात, ती पायांनी त्यांना वारा घालत राहते. मग पिल्लं सुटतात आणि जवळजवळ महिनाभर डोकं खाली, शेपटी वर अशी पाण्यात लटकतात, काही न खाता, अंड्यातल्या बलकावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं सगळी मेली. वर्गातल्या मुलांनी रोज मोजून वहीत आकडे लिहिले. एकही मेलं नव्हतं.

तर एनोकाच्या बरणीत अंडी होती. एवढंच.

सोमवारी संध्याकाळी मी त्याला ते सांगितलं. तो स्वयंपाकघरात वाडग्यातला पोई, अळूच्या कंदाचा लगदा, बोटांनी खात होता. बरणी खिडकीत होती.

"अंडी आहेत हे मलाही दिसतं," तो म्हणाला. "मी कोळी आहे. पण अंडी आजच का? माझ्याच बरणीत का?"

"बारा बरण्यांत चौऱ्याऐंशी ओपाए. एकीला तरी असणारच."

"तुझं सगळं गणितच."

"एनोका, तुझं रक्त साफ करायला दुसरं काही नाही. वाटेल ते कर, प्रार्थना कर, बरणी उशाशी घेऊन झोप, पण बुधवारी जा."

त्याने वाडगा बाजूला सारला. "आठवड्यात तीन दिवस, चार-चार तास त्या खुर्चीत. जायला दीड तास, यायला दीड तास. आल्यावर पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडतो. तीन वर्षं झाली, मासेमारीची बोट पाण्यात घातलेली नाही. हे जगणं आहे का, सांग."

 ते जगणं सोपं आहे असं म्हणणारा खोटारडा ठरला असता.

"वॉल्टर बरा झाला होता की," तो म्हणाला.

"वॉल्टर मेला, एनोका."

अंकल वॉल्टर निशिमोटो आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. काहूच्या सांगण्यावरून हृदयाच्या गोळ्या बंद केल्या आणि सहाव्या आठवड्यात अंगणात पपई तोडताना कोसळले. त्यांची बरणी त्या दिवशी लालभडक होती. काहू घरी आला आणि त्यांच्या बायकोला, फुमीआंटींना, म्हणाला, "पाहा, आत्मा बरा झाला. देह मागे राहिला." त्या बाईने ते धरून ठेवलं. दर शनिवारी ती नवऱ्याची बरणी घेऊन किनाऱ्यावर यायची आणि लाल झालेली पाहून शांत होऊन घरी जायची. माणूस बरा झाला तर चमत्कार आणि मेला तरी चमत्कार. असा धंदा बुडायचा कसा?

*

मंगळवारी मी जुनी वही काढली. एकोणीस वर्षांच्या नोंदी. ओपाए फिक्या कधी पडल्या, तांबड्या कधी झाल्या, त्या दिवशी काय घडलं होतं. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट लिहिलेली. टाकी धुतली, फिक्या. शाळेत नेल्या, फिक्या. जाळी घातली, फिक्या. तासाभरात लाल. मला हे माहीतच होतं, पण कधी एकत्र करून पाहिलं नव्हतं, कारण त्याची कुणाला गरज पडली नव्हती.

मग मला काहूचा नियम आठवला. तो प्रत्येक भक्ताला बजावायचा, बरणी पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळायची, थंड पेटीत घालायची, वाटेत उघडायची नाही. "पवित्र वस्तू झाकून आणावी." किनाऱ्यापर्यंत सहा किलोमीटर लाव्हाची वाट, गाडी अशी आदळते की दात वाजतात. अंधार, गारवा, हिसके आणि चारी बाजूंनी पांढरं. त्यात कुठलीही ओपाए फिकी पडणार. राजाची असो की रंकाची, निरोग्याची असो की रोग्याची. आणि नंतर? स्थिर काळा खडक, ऊब, उजेड. या जीवाचा जन्मच काळ्या खडकावरचा. पाऊण तासात तो आपला रंग परत घेतो. काहूची प्रार्थना नेमकी पाऊण तासाची होती.

बुधवारी सकाळी मी सहा बरण्या भरल्या. सगळ्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून ट्रकमधून त्या वाटेने फिरवून आणल्या. उघडल्या तेव्हा सगळ्या पाण्यासारख्या. तीन व्हरांड्यात सावलीत, पांढऱ्या चादरीवर ठेवल्या. तीन अंगणातल्या काळ्या दगडावर. समोर बसून मी शेंगा निवडल्या. प्रार्थना केली नाही. चाळीस मिनिटांनी दगडावरच्या तिन्ही बरण्या लाल, चादरीवरच्या तशाच पांढुरक्या. त्या मुक्या जिवांची मी माफी मागितली, पण माझं काम झालं होतं.

एनोका बुधवारीही गेला नाही.

गुरुवारी दुपारी त्याच्या घरी गेले तेव्हा तो खुर्चीत झोपला होता. पाय घोट्यापासून फुगून चकचकीत झालेले, श्वास शिट्टी घातल्यासारखा. खिडकीत बरणी, आत सात लाल ठिपके. माझ्या खांद्यावर टॉवेल होता.

खरं सांगते, मी तो टॉवेल हातात घेतला. मला फक्त बरणी गुंडाळायची होती, चार हिसके द्यायचे होते आणि जागेवर ठेवून त्याला उठवायचं होतं. फिक्या ओपाए पाहून तो घाबरला असता. मी म्हटलं असतं, बघ, तुझं रक्त बिघडलंय, चल दवाखान्यात. तो आला असता. जीव वाचला असता. बरणीला हात लागला होता माझा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काहूचंच काम करतेय. शुक्रवारी ओपाए परत लाल होणार, हा परत घरी बसणार, मी परत टॉवेल घेऊन येणार. माझ्या भावाचा जीव बरणीच्याच हातात राहणार, फक्त बरणी माझ्या हातात असणार. हे मला जमणार नव्हतं. त्याला फसवून वाचवायचं तर तो वाचलाच कुठे?

मी त्याला उठवलं. "जागा राहा आणि बघ. मी तुझ्या ओपाए पांढऱ्या करून दाखवते. तुझ्या रक्ताला हात न लावता."

मी त्याच्यासमोर बरणी गुंडाळली, मांडीवर हलवली, वीस मिनिटांनी उघडली. पांढरी. एनोकाने पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"तुझ्या मनात काय आहे ते त्यांना कळलं," तो म्हणाला. "तू शंका घेऊन आलीस. जा तू घरी."

मी घरी गेले. चिडून, रडत नाही, चिडून. रात्रभर दाराशी बसून राहिल्याने मूत्रपिंड चालत नाही.

*

शनिवारी मीच त्याला किनाऱ्यावर नेलं. शुक्रवारीही तो डायलिसिसला गेला नव्हता. आठ दिवस झाले होते. मी नेलं नसतं तर दुसऱ्या कुणी नेलं असतं, आणि गाडी माझी असली तर तिथून दवाखान्यात न्यायला हाताशी असती. वाटेत त्याने दोनदा गाडी थांबवायला लावली, श्वासासाठी.

काहूने फडकी सोडली. "पाहून घ्या. हे तुमचं रक्त."

मी उभी राहिले. "काहू, एक विनंती आहे."

"अरे, मिस कावेही," तो गोड हसला. "या बाई शाळेत शिकवायच्या. शाळेत देव शिकवतात का हो?"

"नाही. पाहायला शिकवतात. आज बरण्या खडकावर ठेवू नका. त्या झाडाच्या सावलीत मी पांढरा टॉवेल अंथरते, त्यावर ठेवा आणि हवी तेवढी प्रार्थना करा."

"हा खडक पवित्र आहे."

"मग देव टॉवेलावर येत नाही का?"

दोघं-तिघं हसली. बाकीच्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा खाली, बाई. आमचं रक्त नासवू नका."

"देवाची परीक्षा घेत नाहीत," काहू म्हणाला. आवाज अजून गोडच होता.

"देवाची नाही घेत. टॉवेलाची घेतेय."

कदाचित माझा खेळ तिथेच आटोपला असता. लोक उठून माझ्याकडे यायला लागले होते. पण पहिल्या रांगेतून फुमीआंटी उठल्या. चार फूट दहा इंच उंचीची, सत्तर वर्षांची ती बाई, छातीशी नवऱ्याची बरणी.

"काहूंची प्रार्थना मेलेल्या वॉल्टरपर्यंत पोचली," त्या शांतपणे म्हणाल्या. "टॉवेलापर्यंत पोचणार नाही? कावेही, अंथर तुझा टॉवेल. माझी बरणी ठेव. काहू, यांना एकदा दाखवूनच द्या."

काहूचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मी विरोधक होते, मला तो घालवून देऊ शकत होता. या बाईला तो काय सांगणार? तिचा विश्वास त्याच्यापेक्षा मोठा होता.

"आज चंद्र योग्य नाही," तो म्हणाला.

"गेल्या शनिवारी तुम्ही म्हणालात, चंद्राचा संबंध नाही," मागून आवाज आला. हा भक्तच होता, बिचारा खरं तेच आठवून सांगत होता.

मी टॉवेल अंथरला, फुमीआंटींनी बरणी त्यावर ठेवली आणि आणखी काहींनी आपापल्या शेजारी ठेवल्या. काहूला म्हणायला सुरुवात करावीच लागली.

तेवढ्यात एनोका उठला. खडकाला धरून, एकेक पाऊल टाकत तो आपली बरणी घेऊन गर्दीबाहेर चालू लागला. वीस पावलांवर पाण्याकाठी एक काळा सपाट दगड होता. त्याने बरणी त्यावर उन्हात ठेवली आणि शेजारी बसला.

"इथे कुणी प्रार्थना करायची नाही," तो म्हणाला. "आंटी पुआला, तुम्हीसुद्धा नाही. ओठ बंद."

मी त्याच्याजवळ गेले. तो माझ्याकडे न पाहता बोलत होता.

"आजोबा ओपेलू मासे धरायला ओपाएचं आमिष करायचे, आठवतं? मी बादली धरायचो. डबक्यात लाल दिसायच्या, बादलीत पडल्या की पांढऱ्या. पांढरी बादली होती ती. मी विचारलंही होतं, अशा का होतात. ते म्हणाले, घाबरतात. सात वर्षांचा होतो." तो श्वासासाठी थांबला. "मला हे माहीत होतं, कावेही. परवा तू दाखवलंस तेव्हाही माहीत होतं. पण मला ते माहीत असायला नको होतं."

मी शेजारी बसले. त्याचा हात धरला, तो थंड होता.

गर्दी हळूहळू दुभंगली. अर्धी सावलीत काहूभोवती, अर्धी आमच्या दगडाभोवती. सावलीकडून आवाज येत होता, रताळं, रताळं. इथे कुणी चकार शब्द काढला नाही. आंटी पुआला तर दोन्ही हात तोंडावर ठेवून बसल्या होत्या. लोकांनी थर्मासमधला चहा एकमेकांना पाजला. लाटा येत होत्या.

अर्ध्या तासाने एनोकाच्या बरणीत गुलाबी झाक आली. पाऊण तासाने सातही ओपाए लाल. पोटाखालच्या घोसासकट.

लोक उठून तिकडे गेले, टॉवेलाकडे. काहूचा घसा बसला होता. फुमीआंटींची बरणी तशीच होती, पाणी आणि काचेचा चुरा.

काहूने डोळे उघडले. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "शंका. इथे एवढी शंका आली की प्रार्थना पोचलीच नाही."

एनोकाने लांबूनच, बसल्या जागेवरून विचारलं, "आणि माझ्या बरणीत काय होतं?"

सगळी त्याच्याकडे वळली.

"माझ्या बरणीत शंकेखेरीज काही नव्हतं. प्रार्थना नव्हती, पवित्र खडक नव्हता. तरी लाल झाली. तुझी प्रार्थना शंकेपुढे टिकत नाही, आणि शंका एकटीच ओपाए लाल करते. मग आम्हाला तू कशाला पाहिजेस?"

मी त्या दिवशी भाषण तयार करून आणलं होतं, वहीसुद्धा आणली होती. वहीची गरज पडली नाही. मी लोकांना पांढऱ्या कापडाचं सांगितलं, वाटेच्या हिसक्यांचं, काळ्या खडकाचं, आणि अंड्यांचं. पंधरा मिनिटं लागली. काही ऐकून गप्प बसले, काही मला शिव्या देत गाड्यांत बसले. एकाने आपली बरणी उचलून स्वतः सावलीतून उन्हात आणली आणि घड्याळ लावून बसला. त्याचं मला सगळ्यात कौतुक वाटलं.

निघताना फुमीआंटींनी माझी बाही धरली.

"कावेही, वॉल्टरने गोळ्या घेतल्या असत्या तर?"

खोटं बोलायला तो क्षण फार सोयीचा होता. सांगता येत नाही म्हणायचं, देवाची मर्जी म्हणायचं. एका बाईच्या पदरात एवढं टाकलं तर काय बिघडतं, असं काहूलाही वाटलं असेलच.

"बहुधा आज तुमच्याशेजारी उभे असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बरणी टॉवेलावरून उचलली आणि जाऊन काळ्या दगडावर ठेवली, ओपाएंचा जीव शांत व्हावा म्हणून. मग बसून रडल्या. आंटी पुआला त्यांच्याजवळ थांबल्या.

एनोकाला मी तिथून थेट दवाखान्यात नेलं. गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली. डॉक्टर बाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि आधी त्याला यंत्राला लावलं, मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आणखी एक दिवस आणि हृदय बंद पडलं असतं. हा काय मूर्खपणा?" मी म्हटलं, मूर्खपणा नाही, थकवा. थकलेल्या माणसाला कुणीतरी सांगितलं की आता थकायची गरज नाही. त्याने ऐकलं. तुम्ही-आम्ही त्याला तसं काहीच सांगत नाही, हाही आपला दोष.

*

काहू पंधरा दिवसांत बेट सोडून गेला. त्याला कुणी पकडलं नाही, त्याने कुणाची माफी मागितली नाही. ऐकते की तो आता दुसरीकडे असतो आणि ओपाए सोडून दुसरंच काहीतरी दाखवतो. दाखवू दे. एनोका आठवड्यात तीनदा जातो, कुरकुर करतो, आणि त्या डॉक्टर बाईंशी भांडून त्याने यंत्राची वेळ पहाटेची करून घेतली आहे. महिन्यातून एकदा पुतण्याबरोबर बोटीत बसतो. नवं मूत्रपिंड आलेलं नाही. यादीत नाव घातलं आहे, खऱ्या यादीत. त्याच्या बरणीतली अंडी फुटली, अकरा पिल्लं निघाली, महिनाभर उलटी लटकली आणि नऊ जगली. गावातल्या चाळीसेक बरण्या लोकांनी माझ्याकडे आणून दिल्या. काही जण म्हणाले, फेकून दे. मी म्हटलं, त्यांनी काय केलंय? आता दर रविवारी दहा-बारा जण माझ्या व्हरांड्यात बसतात आणि पाणी कसं करायचं, टाकी कुठे ठेवायची ते शिकतात. फुमीआंटी सगळ्यांत चिकाटीच्या. त्यांच्या टाकीत तीनदा पिल्लं झाली.

मला लोक विचारतात, तुम्हाला देवाचं वावडं आहे का? मुळीच नाही. माझं भांडण त्या माणसाशी आहे जो तुमच्या आजाराचा रंग एका मुक्या जिवाच्या अंगावर दाखवतो आणि म्हणतो, आता गोळ्या टाक. जो म्हणतो, शंका घेऊ नकोस. तुमच्या घरी असा कुणी आला तर त्याला चहा पाजा हवं तर, पण औषध बंद करण्याआधी एकच करा. तो जे दाखवतो ते त्याच्याशिवाय करून पाहा. खडक बदला, कापड बदला, मंत्र काढून टाका, घड्याळ लावा आणि बसा. आपल्या डोळ्यांनी बघायला कुणाची परवानगी लागत नाही. मी सांगितलं म्हणूनही मानू नका. बरणी घ्या आणि करून पाहा.